प्रतिसाद: पावसाळ्यात अडकणारा ओपिनेल

ठाण्याच्या पावसाळ्यात ओपिनेल ८ नंबर (लाकडी मुठीची फ्रेंच घडीची सुरी) उघडत नाही म्हणून त्याला हलका माल ठरवणारी पोस्ट पटली नाही. मूठ बीचच्या लाकडाची आहे. दमट हवेत ती फुगते आणि पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्याजवळची मुठीतली खाच पात्याला आवळते. अडकलं तर मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं.

कायमचा इलाज: सुरी आधी दोन-तीन दिवस नीट कोरडी होऊ द्या. मग पातं उघडून, मुठीच्या तोंडाशी असलेली फिरती कडी फिरवून लॉक करा. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला ३२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती थोड्याच घासा. जास्त घासलं तर पातं कायमचं डुगडुगेल. आत जवसाचं तेल लावून १५ मिनिटांनी पुसा, नीट वाळू द्या. असं दोनदा. (तेलाचा बोळा नुसता गोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.)

पातं कार्बन स्टीलचं (गंजणारं पोलाद) असेल तर कैरी-लिंबानंतर लगेच पुसणं आलंच. राखाडी-निळा डाग चालतो, तांबडा घासून काढायचा. एवढा व्याप नको असेल तर स्टेनलेस पात्याचा ओपिनेल घ्या, मुठीचं फुगणं मात्र तेच.

ओपिनेलऐवजी स्वस्त चिनी स्प्रिंगवाली सुरी (मुठीतली स्प्रिंग पातं जागेवर धरते ती) घेणार असाल, तर आधी उजेडासमोर धरून बघा: स्प्रिंग आणि बाजूच्या पत्र्यात फट दिसली, तर ती न घेता दुकानातच ठेवा.