मदत हवी आहे: बोटीतल्या पाण्याच्या टाकीला भोकं पाडून झाकणं बसवायचीत

मंडळी, आमची मासेमारीची बोट हर्णैला ओढून शाकारून ठेवलीय. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपायच्या आत पिण्याच्या पाण्याची टाकी साफ करायचीय. स्टेनलेस स्टीलची, ४०० लिटरची, आत पाणी हिंदकळू नये म्हणून दोन आडपडदे, म्हणजे तीन कप्पे. भरायच्या तोंडातून फडकं बांधलेली काठी घातली, तर बुळबुळीत तपकिरी गाळ आला. आणि हेच पाणी तांडेल (बोटीचा प्रमुख) चहाला वापरत होता!

टाकी बाहेर काढायची तर केबिन तोडावी लागेल. म्हणून वरूनच तिन्ही कप्प्यांना हात जाईल एवढं एकेक भोक पाडून त्यावर झाकण बसवतोय. पत्रा २ मिमी. ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात आणि शेजारीच डिझेलची टाकी आहे. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) बरा की जिगसॉ (उभ्या पात्याची विजेची करवत)? कापताना पत्र्याचा कीस आत पडू नये म्हणून काय करता? झाकणाखाली गळती रोखायला सिलिकॉनचं गॅस्केट टिकतं का? दापोली-रत्नागिरीकडे कुणी करून घेतलंय?