५१२ चे ४७५ कसे झाले? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. वय ६७. बँकेत बत्तीस वर्षं कॅश काउंटरला काढली, त्यामुळे आकडा जुळला नाही की जेवण गोड लागत नाही. मुलीने नवा संगणक घेऊन दिलाय. पावतीवर ५१२ जीबी, स्क्रीनवर सी ड्राइव्हपुढे ४७५. ३७ चा शॉर्ट! दुकानदार म्हणतो, "काका, तसंच असतं."

दुसरं म्हणजे, त्याने ८ जीबीलाही मेमरी म्हटलं आणि ५१२ लाही मेमरीच. परवा वर्डमध्ये सोसायटीची नोटीस तासभर टंकत होतो, लाइट गेली. परत सुरू केलं तर कोरं पान. एवढी जागा रिकामी असताना माझी एक नोटीस मावली नाही? भाचा म्हणतो रॅम वाढवा. वाढवू का?

प्रतिसाद १
काका, रॅम वाढवू नका. रॅम म्हणजे ती ८ जीबी, तुमच्या काउंटरचा ड्रॉवर; ५१२ ची डिस्क म्हणजे स्ट्राँगरूम. काम सगळं ड्रॉवरमधून चालतं कारण हात पटकन पोचतो. पण वीज गेली की हा ड्रॉवर आपोआप रिकामा होतो. तुमची नोटीस ड्रॉवरमध्येच होती. सेव्ह करणं म्हणजे ती स्ट्राँगरूममध्ये नेऊन ठेवणं. कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबायची, दर परिच्छेदाला. ड्रॉवर मोठा केलात तरी लाइट गेल्यावर तोही रिकामाच होणार.

शॉर्टचं म्हणाल, तर चोरी नाही, मापं दोन आहेत. कंपनी १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणते. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरते, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. आता ५१,२०० कोटींना त्याने भागून बघा.

धागाकर्ता
कॅल्क्युलेटर घेतला. ४७६.८ आलं. वरचे पावणेदोन?

प्रतिसाद १
मानलं तुम्हाला! विंडोज बिघडली तर दुरुस्तीला लागतो म्हणून एक छोटा भाग लपवून ठेवलेला असतो, तो यादीत दिसत नाही.

प्रतिसाद २
पण काका, वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःच एक प्रत ठेवतं. पुन्हा उघडल्यावर डाव्या बाजूला यादी आली नव्हती?

धागाकर्ता
आली होती. काहीतरी जाहिरात असेल म्हणून बंद केली.

प्रतिसाद २
अरे देवा. फाइल, मग इन्फो, मग मॅनेज डॉक्युमेंट. तिथे 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' आहे, ते दाबा.

धागाकर्ता
सापडली!! शेवटचा पार्किंगचा परिच्छेद तेवढा गेलाय. बरंच झालं, फार मऊ लिहिला होता.