गांडुळं झाकणाला चिकटतायत, आंबूस वास येतोय. काय चुकतंय?

कुंडीतला_मोगरा
पुणे, पूर्वेची बाल्कनी. गांडूळखताचा ४० लिटरचा टब, ३ महिन्यांपूर्वी अर्धा किलो लाल गांडुळं (आयसेनिया) सोडलेली. रोजचा ओला कचरा पाव किलोच्या आत. आंबे सुरू झाल्यापासून १० दिवस रोज अर्धा-पाऊण किलो साली जातायत. आता गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला, वर चिलटं, आणि दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे. ही पिल्लं का? तळाच्या भोकांतून पाणी येत नाही.

पालापाचोळा
पिल्लं नव्हेत. गांडुळाचं पिल्लू लालसर असतं, आतली रक्तवाहिनी दिसते. पांढरे ते पॉटवर्म. त्रास देत नाहीत, पण माजले म्हणजे टबात आंबट झालंय. सालींत साखर, थराने दाबल्या की आंबतात, गरम होतात, हवा संपते. म्हणून गांडुळं वर पळतात. मधोमध बोट खुपसा. कोमट लागलं तर आजच साली उपसा. ३५ अंशांच्या वर ही गांडुळं तग धरत नाहीत.

मग हातानेच (खुरपं नको) सगळं मोकळं करून त्यात फाडलेला पुठ्ठा आणि सुकी पानं मिसळा. मूठभर माल आवळून पाहा: एक-दोन थेंब ठीक, धार लागली तर अजून पुठ्ठा. ८ दिवस कचरा बंद. उपाशी मरत नाहीत, पुठ्ठा खातात.

विटांवरचा_टब
भोकं तुंबलीत. टब दोन विटांवर ठेवा, खालून जाड तार घाला. पुढच्या वेळी भरताना तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या. आंबटपणाला चिमूटभर चुना टाकला तरी चालेल.

गच्चीबाग
चुना अजिबात नको! पानाचा चुना गांडुळाच्या ओल्या कातडीला भाजतो. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून पीठ करा, आठवड्याला दोन चमचे. घरात अंडं येत नसेल तर नुसता पुठ्ठा वाढवा. वेळ लागतो, पण होतं. चिलटांसाठी साली एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात आणि साल मऊही पडते. बाहेर काढून गारवा गेल्यावर दोन इंच खोल पुरा, वर सुकी पानं.

कुंडीतला_मोगरा
मधोमध कोमटच आहे, मुठीतून धार लागली. साली काढल्या. कोयी ठेवू का?

पालापाचोळा
कोयी काढा, महिनोन्महिने तशाच राहतात, नुसती जागा अडवतात. ८ दिवसांनी मूठभरच कचरा, एका कोपऱ्यात. तो दोन-तीन दिवसांत दिसेनासा झाला तरच पुढची मूठ, दुसऱ्या कोपऱ्यात. अर्धा किलो गांडुळांना दिवसाला १५० ते २५० ग्रॅम पुरे. बाकीच्या साली आंबे संपेपर्यंत साध्या कंपोस्टच्या ड्रममध्ये.