टकीला आलीये, शनिवारी काय करायचं?

स्वाती सी-५०४: मंडळी एक मदत हवीये, दीर परवा अमेरिकेहून आले आणि येताना टकीलाची बाटली आणलीये, आमच्याकडे बीअर नाहीतर वाइन यापलीकडे कधी काही गेलं नाही, शनिवारी सगळे घरी येताय तर हिचं काय करू? शॉट्स नकोत मला आणि या ऑक्टोबरच्या उकाड्यात काहीतरी गारेगार हवंय

निखिल बी-२०३: मार्गारिटा कर, लिंबू मीठ झालं काम

मंदार ए-७०१: निखिल मार्गारिटाला ऑरेंज लिकर, म्हणजे संत्र्याची गोड दारू पण लागते रे, एका संध्याकाळसाठी आणखी एक बाटली कशाला. स्वाती तू पालोमा कर. टकीला, ग्रेपफ्रूट, लिंबू, चिमूटभर मीठ, वर सोडा, बस. मेक्सिकोत हे अगदी रोजचं पेय आहे, आणि टकीला मीठ चाटून घशात ओतायची गोष्टच नाहीये, सावकाश प्यायलं की तो हिरवट वास कळतो. आधी बाटलीवर काय लिहिलंय ते सांग, १००% अगावे आहे का?

स्वाती सी-५०४: हो १००% आहे, आणि ब्लँको

मंदार ए-७०१: मग प्रश्नच नाही! १००% लिहिलेलं नसेल तर निम्म्याच्या आसपास दुसरी साखर चालते, नियमाने किमान ५१% अगावेची असली की झालं. आणि ब्लँको म्हणजे लाकडाच्या पिंपात न मुरवलेली किंवा दोन महिन्यांच्या आतली, अशा फळांच्या पेयाला हीच बेस्ट. रेपोसादो, अन्येहो म्हणजे पिंपात जास्त मुरवलेली असेल तर ती नुसती प्यावी, सोड्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत

शुभांगी बी-६०२: अगावे म्हणजे ते घायपातासारखं काटेरी झाड ना?

मंदार ए-७०१: हो ताई त्याच कुळातलं, निळसर पानांचं. तयार व्हायला सहा-सात वर्षं सहज जातात, मग पानं छाटून मधला गड्डा भाजतात आणि त्याच्या रसाची टकीला. आणि ती कुठेही बनवून टकीला म्हणता येत नाही, मेक्सिकोतलं हालिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतले ठरलेले भाग, तेवढंच, १९७४ पासून. देवगड हापूस देवगडचाच हवा तसं. एवढी वर्षं शेतात उभं राहिलेलं पीक आहे म्हणून मला ती शॉट मारून संपवलेली बघवत नाही

निखिल बी-२०३: बरं पण ग्रेपफ्रूट कुठे मिळणार, मॉलमध्ये एक फळ घ्यायला गेलो तर किंमत बघूनच परत ठेवलं

मंदार ए-७०१: नकोच ते. पपनस घ्या! ग्रेपफ्रूट म्हणजे मुळात पपनस आणि गोड संत्र्याचा संकर, मग आपण पपनस आणि मोसंबी एकत्र केली तर चव बरोब्बर तिकडेच जाते, पपनसाचा कडवटपणा आणि मोसंबीची गोडी. गणपतीपासून बाजारात दिसतायत, कालच दादरला पाहिली, आतून गुलाबी निघाली तर रंगही छान येतो

शुभांगी बी-६०२: पपनस सोलणं म्हणजे अर्धा तास गेला

मंदार ए-७०१: ताई तिथेच सगळी गंमत आहे, घाई करू नका. तो जाड पांढरा कापसासारखा थर पूर्ण काढायचा, मग एकेक फोड घेऊन तिच्यावरची पातळ साल पण ओढून काढायची, आत ते थेंबासारखे दाणे मोकळे दिसतात, तेवढेच घ्यायचे आणि हाताने चुरून गाळणीतून दाबायचे. मिक्सरमध्ये अजिबात नाही, बिया आणि साल वाटली गेली की कडूजहर होतं. मोसंबीचा रस मात्र शेवटी, पाहुणे आल्यावर काढा, तो ठेवला की कडू होत जातो, ज्यूसवाल्याकडून सकाळी आणून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही

स्वाती सी-५०४: प्रमाण दे रे नीट

मंदार ए-७०१: एका ग्लासाला टकीला ४५ मिली म्हणजे दीड छोटा पेग, पपनस ४५, मोसंबी ३०, अर्ध्या कागदी लिंबाचा रस, साखरेचा पाक दोन चमचे (साखर आणि गरम पाणी समान, गार करून), आणि मीठ चिमूटभर, ते विसरायचं नाही कारण मिठाने कडवटपणा खाली बसतो आणि फळ वर येतं. हे सगळं बर्फ घालून घट्ट झाकणाच्या बरणीत दहा सेकंद जोरात हलवायचं, ग्लासात नवीन बर्फ घालून त्यावर गाळायचं, आणि सोडा सगळ्यात शेवटी ग्लासातच, बरणीत घातलात तर झाकण उडेल. चमच्याने एकदाच खालून वर, जास्त ढवळलं की फेस जातो. सोडा आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये. बर्फ वाटीत लावा, मोठा तुकडा लवकर वितळत नाही

निखिल बी-२०३: आणि काठाला मीठ?

मंदार ए-७०१: अर्ध्याच काठाला, म्हणजे ज्याला नको तो दुसरीकडून पिईल. पेरूवाला लावतो ते तिखटमीठ लाव, मस्त लागतं

काका ए-३०२: मंदार, मलाही एक ग्लास ठेव

मंदार ए-७०१: काका तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता ना? मग तुम्हाला हे देणार नाही, मनापासून सांगतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्हीमुळे कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्या, बीपीच्याही काही, रक्तात नेहमीपेक्षा जास्त चढतात, आणि गोळी पुढेमागे घेऊन हे टळत नाही कारण परिणाम दिवसभर तरी राहतो. नुसता पपनसाचा रस पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दारूचंही त्यांनाच विचारा. ग्रुपमध्ये अजून कोणी अशा गोळ्या घेत असेल तर प्लीज आधीच सांगा

काका ए-३०२: बरं झालं सांगितलंस, मला हे कोणी बोललं नव्हतं

शुभांगी बी-६०२: काका मी कोकमाचा आगळ आणते, गावाहून आलाय, सोडा, जिरं आणि मीठ घालून त्याच उंच ग्लासात देऊ. आमचा आदित्य पण २२ चा आहे, त्यालाही तेच

मंदार ए-७०१: हो, २५ च्या खाली टकीला नाहीच, कायदाच आहे. आणि दारूचं परमिट ज्यांचं नाही त्यांनी ऑनलाइन काढून घ्या. ठाण्याहून येणारे गाडी आणू नका, कॅबने या

स्वाती सी-५०४: ठरलं मग. पपनसं चार लागतील ना? निखिल तू शनिवारी सकाळी दादरला जातोयस तर घेऊन ये, हातात जड लागतील तीच घे

निखिल बी-२०३: आणतो, मोसंबी पण दोन डझन घेतो, सोलायला मात्र चारला सगळ्यांनी या