गोळ्यांची सवय लागते : गैरसमज की अनुभव?

रानवारा :
नात्यातल्या एका सुनेला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. ती स्ट्रिपवरचं नाव नखाने खरवडून काढते आणि स्ट्रिप हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवते. सासूबाईंच्या हाती लागली तर 'हिला येरवड्याला पाठवा' इथपर्यंत मजल जाईल ही धास्ती. आता जरा बरं वाटतंय, तर माहेरचेच मागे लागलेत, 'बंद कर, नाहीतर जन्माची सवय लागेल.'

माझं स्पष्ट मत : एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. तलफ येत नाही, नशा चढत नाही. उलट गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, तोवर बरेच लोक कंटाळून सोडायच्या बेतात असतात. बरं वाटल्यावरही पुढे सहा-नऊ महिने चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडली तर आजार उलटायची भीती जास्त. 'सुटतच नाहीत' या एका समजुतीपायी किती जण अर्धवट उपचार सोडत असतील!

खडूस_काका :
समजूत कसली, आमच्या घरातला अनुभव आहे. मावशी, वय ६८, कित्येक वर्षं रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलम घेते. एक दिवस चुकली तर हात थरथरतात, डोळ्याला डोळा लागत नाही. मेडिकलवाला चिठ्ठी विचारत नाही, कात्रीने स्ट्रिप कापून पुडीत बांधून देतो. ही सवय नाही तर काय भक्ती?

आणि बीपी यंत्रावर दिसतं, साखर रक्तात दिसते. मनाचं कशावर मोजता? डॉक्टर पाच मिनिटं बोलणार आणि चार गोळ्या लिहून देणार.

रानवारा :
काका, मावशी घेतात ती जातच वेगळी. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांची सवय लागते, ते कोणी नाकारत नाही. म्हणून तर त्या थोड्या दिवसांपुरत्या द्यायच्या असतात आणि चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. एकीचं पाप दुसरीच्या माथी कशाला?
मोजण्याचं म्हणाल तर अर्धशिशीही यंत्रात दिसत नाही. लक्षणं विचारूनच ठरवतात. पाच मिनिटांबद्दलचा राग मात्र रास्त आहे.

काउंटरपलीकडची :
मी मेडिकलमध्येच काम करते. रानवारा, 'व्यसन नाही' हे बरोबर, पण त्यातून लोक 'कधीही बंद करा, काही होत नाही' असा अर्थ घेतात. एस्सिटालोप्राम एकदम थांबवली तर चक्कर येते, मळमळतं, काहींना डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. मग घरचे म्हणतात, 'बघ, सवय लागलीच होती!' डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने कमी केली की हा त्रास बराच टळतो.
आणि त्या सुनेला सांगा, नावाबरोबर मुदतीची तारीखही खरवडली जाते. डबी बदल म्हणावं, स्ट्रिप शाबूत ठेव.

मांडवीकाठ :
गोव्यातून लिहितोय. इथे 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली, ती २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशक कोण, तर मानसोपचाराची पदवी नसलेले, खास शिकवून तयार केलेले साधे लोक. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. आणि हे रुग्ण सौम्य नव्हते, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते.

खडूस_काका :
घ्या! म्हणजे बोलूनही बरं होतं. मग गोळ्यांची वकिली कशासाठी?

मांडवीकाठ :
ती चाचणी नैराश्याची होती, काका. स्किझोफ्रेनियात ज्याला भिंतीतून आवाज ऐकू येतात, त्याला निव्वळ बैठकांनी भागत नाही. बायपोलरमध्ये, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य अशा आजारात, लिथियमची गोळी वर्षानुवर्षं चालते, त्यासाठी रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड तपासत राहावं लागतं. आजार कोणता, हे विचारल्याशिवाय 'गोळी हवी की नको' या वादाला बूड नाही.

खडूस_काका :
वाद राहू द्या. मावशीची गोळी कमी करायची तर दर पंधरवड्याला कोणी बघायला नको? आमच्याहून जिल्ह्याचं ठिकाण एसटीने तीन तास. तुम्ही सगळे लोकांच्या समजुती सुधारताय, पण ज्याच्याकडे जायचं तो माणूस तालुक्यात आहे कुठे?

काउंटरपलीकडची :
तूर्त १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. मराठीत बोलता येतं. पण तोवर घरच्या घरी मावशींची गोळी बंद करू नका. इतक्या वर्षांची अल्प्राझोलम अचानक थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते.

खडूस_काका :
नंबर लिहून घेतला. एसटीचं मात्र कोणी बोललं नाही.