युकुलेलेला मऊ तारा: नवशिक्याला आधी त्याच द्याव्यात

कृष्णाकाठ (सांगली)
माझ्याकडे युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) शिकायला येणाऱ्या एका मुलीला बी फ्लॅट कॉर्ड (एकत्र छेडायचा सुरांचा गट) आली की रडू फुटतं. या कॉर्डला पहिलं बोट पहिल्या पडद्यात ई आणि ए अशा दोन तारांवर आडवं दाबावं लागतं. तास संपला की तिच्या बोटावर दोन लाल वळ दिसतात. मी तारा बदलायचं सुचवलं. पण गिटार वाजवणाऱ्या एका ओळखीच्यांनी तिच्या आईला सांगितलं, "बोटांना घट्टे पडू देत, वाद्य असंच येतं." मला हे अजिबात पटत नाही. घट्टे पडायच्या आधीच मूल वाद्य कपाटावर टाकून देतं.

तारा नीट निवडल्या तर हाताला खूप फरक पडतो. फ्लुरोकार्बन हे तारांचं प्लास्टिक नायलॉनपेक्षा बरंच वजनदार (घनता साधारण १.७८, नायलॉनची १.१च्या आसपास), त्यामुळे तोच सूर बारीक तारेत मिळतो आणि बोट सरकताना कुठे अडत नाही. अक्विला या इटालियन कंपनीची नायलगट ही कृत्रिम तार पूर्वीच्या आतड्याच्या तारेच्या वजनाला जुळवलेली आहे. आवाज गोड, पण बोटाला किंचित खरखरीत लागते. माझी पसंती जपानच्या वर्थच्या तपकिरी तारांना: गुळगुळीत आणि ताणाला नरम. खालचा जी (जी तार एक सप्तक खाली) हवा असेल तर गुंडाळीची (वर धातूची बारीक तार गुंडाळलेली) तार घेऊ नका, बिनगुंडाळीची मिळते. गुंडाळीवर बोट घासतं आणि किरकिर ऐकू येते ती वेगळीच.

नवशिक्याला पहिल्या महिन्यात मऊ तारच द्यावी, या मतावर मी ठाम आहे. तुमचं काय म्हणणं?

मिरजकर_तंबोरा
असहमत, ताई. दोष तारेचा नाही, नटचा आहे. मानेच्या टोकाला जी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, ती स्वस्त वाद्यांवर सर्रास उंच ठेवलेली असते. वळ पहिल्याच पडद्यावर उठतात, यावरूनच मला ही शंका येते.

घरी तपासून बघा. तार तिसऱ्या पडद्यात दाबा आणि पहिल्या पडद्यावर डोळा लावा. तिथे जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. जाड पुठ्ठा जात असेल तर वर्थ लावा नाहीतर आणखी काही लावा, मूल रडणारच. शिवाय उंच नटमुळे पहिल्या पडद्यातला सूर चढा लागतो, म्हणजे पोरीचा कानही बिघडतो.

मी सतारमेकर गल्लीत लहानाचा मोठा झालो. तिथे गिऱ्हाईक "तार टोचते" म्हणत आलं की कारागीर आधी वाद्य आडवं धरून घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारेची उंची बघतो, तारांच्या पुडक्याला नंतर हात घालतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या लेखी त्यातला मोठा वाटा जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवणाऱ्या हातांचा आहे. असा हात दोन पावलांवर असताना सांगलीकरांनी आधी तारांची पाकिटं का मागवावीत?

षड्ज_पंचम
दोघांनी एक फुकटचा उपाय सोडलाय: सूर उतरवा. ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. अर्धा सूर उतरवला तर ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण सूर उतरवला तर सुमारे २१ टक्के. पूर्ण सूर उतरवल्यावर सी कॉर्डचा आकार धरला की काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) वाजते. आपल्याकडे कितीतरी बायका काळी पाचमध्येच गातात.

आणखी एक. तीच तार, तोच सूर असेल तर ताण लांबीच्याही वर्गाने वाढतो. सोप्रानो या छोट्या मापाच्या युकुलेलेची तार साधारण साडेतेरा इंच, त्याहून मोठ्या कॉन्सर्टची पंधरा. 'सोप्रानो-कॉन्सर्ट' लिहिलेलं एकच पाकीट कॉन्सर्टवर जवळजवळ पावपट जास्त घट्ट बसतं. ताई, मुलीचं वाद्य कोणतं आहे तेही सांगा.

हरिपूर_संगम
षड्ज_पंचम, सोप्रानोवर पूर्ण सूर उतरवाल तर तार लोळायला लागेल. ढिली तार मोठा झोका घेते, पडद्यावर आपटते, आणि बोट जरा जोरात दाबलं की सूर वर सरकतो. कॉन्सर्टहून मोठ्या टेनरवर हा उपाय चालतो, त्याबद्दल वाद नाही.

मी भजनात पेटी-तबल्यासोबत युकुलेले वाजवतो. तिथे मऊ तारेचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही. मला घट्ट फ्लुरोकार्बनच लागते. मुलांनाही पहिल्यापासून तीच द्या, नाहीतर पुढे तारा बदलल्यावर हात पुन्हा शिकवावा लागतो.

कृष्णाकाठ (सांगली)
हरिपूर_संगम, तुमची गरज भजनाची आहे, हिला घरच्या हॉलमध्ये चार गाणी वाजवायची आहेत. पोरीने वाजवणंच सोडलं तर हात शिकवायचा कुणाचा? भजनापर्यंत पोचली की घट्ट तार आनंदाने घेईल.

वाद्य कॉन्सर्ट आहे. मिरजकर दादांची तपासणी आत्ताच केली: फट खरंच मोठी आहे, विशेषतः ए तारेखाली. नट घासून घ्यायला हवा, हे मान्य. पण त्याने तारेची उंची उतरेल, ताण तेवढाच राहील. नट ठीक करून वर तपकिरी तारा, असंच करणार.

नवा_वादक
मिरजेत सतारीची बारीक पोलादी तार सहज मिळते, ती चालेल का? बारीक आहे म्हणून विचारतो.

मिरजकर_तंबोरा
चुकूनही नको. युकुलेलेची घोडी पातळ लाकडावर नुसती डिंकाने चिकटवलेली असते. पोलादी तारेच्या ताणाने ती उखडेल, वरची पाटीही फुगेल.

ताई, खाच घासून घेताना एक लक्षात ठेवा. नवी तार जुनीपेक्षा बारीक असेल तर ती कारागिराच्या हातात द्या, खाच तिच्या मापाने पडली पाहिजे. आणि नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, रोज सुरात लावून मगच मुलीकडे द्या. तरी माझं म्हणणं तेच आहे: जुन्या तारा फेकू नका. नट घासल्यावर, खाच नव्या तारेच्या मापाने पाडण्याआधी, त्याच चढवा, तिला बी फ्लॅट धरायला सांगा, बोट बघा, आणि मग इथे लिहा.