मदत हवी आहे : फेयॉलची आदेशाची एकता आणि पंचायत समिती

नागपूरला एमए लोकप्रशासन करतोय, सेमिस्टरला पंधरा दिवस आहेत. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ फेयॉल (१९१६) म्हणतो, एका माणसाला एकच साहेब, हीच आदेशाची एकता. अमेरिकी अभियंता टेलर मात्र एका कामगारावर आठ फोरमन (वेगवेगळ्या कामांचे मुकादम) बसवतो. इथवर कळलं.

अडलं ते उदाहरणात. आमच्या तालुक्यातला विस्तार अधिकारी (कृषी) बघा. हजेरी, रजा, दौरा गटविकास अधिकाऱ्याकडे. तांत्रिक सूचना जिल्हा परिषदेच्या कृषी विकास अधिकाऱ्याकडून. एकाच सकाळी एक म्हणतो आढावा बैठकीला या, दुसरा म्हणतो बांधावर जा. मी लिहिलं, 'हा तत्त्वभंग आहे.' सरांनी लाल पेनानं विचारलं, 'मग सायमन?'

अशा तत्त्वांवर टीका करणाऱ्या हर्बर्ट सायमनचा १९४६ चा लेख वाचला. आदेशाची एकता आणि विशेषीकरण (ज्या त्या विषयाच्या तज्ज्ञाचं ऐकणं) एकमेकांना छेदतात, हे पटलं. पण तो तत्त्व पूर्ण मोडीत काढत नाही. दोन आदेश भिडले तर कोणाचा पाळायचा एवढं ठरलेलं असावं, म्हणतो. गाइडांत हे नाहीच, सगळीकडे पोस्डकॉर्बचीच (व्यवस्थापकाच्या सात कामांची इंग्रजी आद्याक्षरं) पोपटपंची. त्यामुळे गाइडं सुचवू नका.

उत्तर मराठीतून, शब्दमर्यादा अडीचशे. सांगा ना जी, या विस्तार अधिकाऱ्याला टेलरच्या फोरमनशाहीचं उदाहरण म्हणायचं, की सायमनच्या या सौम्य नियमात बसवायचं?